मुद्दाम खरखरीत: डार्कथ्रोनच्या 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय'चा आवाज इतका का टिकला

पुण्यातल्या एका सायबर कॅफेतून ही सहा गाणी मी सीडीवर भरून घरी आणली होती. रात्री सगळे झोपल्यावर इअरफोन लावले, पहिलं गाणं सुरू केलं आणि वाटलं, फाइल बिघडलेली दिसतेय. गिटारचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा, ड्रम दोन खोल्या पलीकडे वाजत असल्यासारखे, आणि गाणारा माणूस गातोय की घसा खरवडतोय तेच कळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅफेत गेलो, दुसऱ्या ठिकाणाहून तीच गाणी उतरवली, घरी येऊन लावली. पुन्हा तोच पाऊस, तोच पत्रा.

फाइल धड होती. अल्बमच तसा होता. आणि तो तसाच राहावा म्हणून तो करणारी पोरं आपल्या रेकॉर्ड कंपनीशी भांडली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हापासून हा अल्बम मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही, आणि कुणालाही तो ऐकवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे इतकं वाईट रेकॉर्ड का केलंय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट दिलं तर ब्लॅक मेटल नावाचा सगळा प्रकार उलगडतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अल्बमचं नाव 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय'. बँड डार्कथ्रोन, देश नॉर्वे. ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९९१ मधलं, अल्बम बाजारात आला फेब्रुवारी १९९२ मध्ये. सहा गाणी, साधारण ४२ मिनिटं. ड्रम वाजवणारा फेनरिझ आणि गिटार वाजवून गाणारा नॉक्टर्नो कुल्टो, दोघंही तेव्हा १९ वर्षांचे होते. नावं अर्थातच घेतलेली.

वंशावळ

हेवी मेटलला मोठं घराणं मानलं, तर डेथ मेटल आणि ब्लॅक मेटल या त्याच्या दोन चुलत शाखा. 'ब्लॅक मेटल' हे नाव आलं इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून. व्हेनमचा सैतान बराचसा रंगमंचावरचा होता. पण त्यांचं ते धसमुसळं, कच्चं वाजवणं काही पोरांच्या डोक्यात बसलं. स्वित्झर्लंडमध्ये हेलहॅमर आणि त्यातून पुढे निघालेला सेल्टिक फ्रॉस्ट, स्वीडनमध्ये बाथरी, ब्राझीलमध्ये सार्कोफागो. ८० च्या दशकात ही मंडळी आपापल्या गावी, एकमेकांपासून हजारो मैलांवर, जवळपास एकाच दिशेनं चालली होती. त्यांच्या कॅसेट टपालानं फिरत होत्या.

दशक संपता संपता मात्र जगभरातल्या मेटलची हवा बदलली होती. फ्लॉरिडा आणि स्टॉकहोममधून डेथ मेटलची लाट आली. घोगरा, पोटातून येणारा आवाज, खालच्या सुरात लावलेल्या जाड गिटारी, अवघड आणि झटपट बदलणारे तुकडे. हे तालमीतल्या पैलवानाचं संगीत आहे. त्यात बळ दिसायला हवं, तयारी दिसायला हवी, आणि रेकॉर्डिंग असं हवं की प्रत्येक ठोका छातीवर बसेल.

डार्कथ्रोन हा अशाच डेथ मेटल बँडपैकी एक होता. त्यांचं गाव कोल्बोट्न, ऑस्लोच्या दक्षिणेचं एक शांत उपनगर. १९९१ च्या सुरुवातीला आलेला त्यांचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत मुद्रित झाला होता. स्वीडिश डेथ मेटलचा ठेवणीतला आवाज जिथं घडत होता, तीच ही जागा. पीसव्हिल ही इंग्लंडमधली नावाजलेली कंपनी पाठीशी होती. १९ वर्षांच्या पोरांना आणखी काय हवं असतं?

त्यांना वेगळंच हवं होतं. त्याच काळात ऑस्लोमध्ये मेहेम या बँडचा गिटारिस्ट यूरॉनिमस याच्याभोवती एक कंपू जमत होता. त्यानं 'हेल्वेटे' नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं होतं. नॉर्वेजियन भाषेत त्याचा अर्थ नरक. तो आणि थॉर्न्स बँडचा स्नोरे रूख हे गिटार वाजवायची एक नवी पद्धत घडवत होते, तिच्याबद्दल पुढे बोलू. या संगतीत आणि बाथरी, सेल्टिक फ्रॉस्टच्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून फेनरिझ आणि नॉक्टर्नो कुल्टो यांचा डेथ मेटलवरचा जीव उडाला. दुसऱ्या अल्बमसाठी बसवलेलं बरंचसं डेथ मेटल त्यांनी बाजूला टाकलं. बेस वाजवणारा डाग निल्सेन याला हा बदल पटला नाही. त्यानं अल्बमवर वाजवून दिलं आणि तो बाहेर पडला.

मग कोल्बोट्नमधल्याच क्रिएटिव्ह स्टुडिओत हा अल्बम झाला, आणि टेप इंग्लंडला गेली. पीसव्हिलनं एका डेथ मेटल बँडशी करार केला होता, आणि हाती आलं हे. आवाज फारच पातळ आहे, आम्ही आमच्या खर्चानं नव्यानं मिक्स करून, म्हणजे वाद्यांचे आवाज पुन्हा जुळवून, देतो, असं कंपनीचं म्हणणं पडलं. पोरांनी ठाम नकार दिला. जसा आहे तसा काढणार नसाल तर यूरॉनिमसच्या 'डेथलाइक सायलेन्स' या कंपनीकडून काढू, असं सांगितलं. शेवटी पीसव्हिलनं माघार घेतली.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. चांगला स्टुडिओ त्यांनी वर्षभरापूर्वीच पाहिला होता. सफाईदार आवाज कसा काढतात हे त्यांना माहीत होतं, नव्या मिक्सचा खर्च करायला कंपनी तयार होती. म्हणजे ही खरखर गरिबीतून किंवा अडाणीपणातून आलेली नाही. ती निवडलेली आहे. पुढच्या ३० वर्षांत जगभर जे पसरलं त्याचं बीज या निवडीत आहे.

ही खरखर नेमकी काय करते?

इथं थोडं विज्ञान लागेल, पण आपल्या कानाला ते परकं नाही.

तानपुऱ्यापासून सुरुवात करू. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत वादक एक जागा शोधतो. ती सापडेपर्यंत तार नुसती टणत्कार करते. सापडली की तोच सूर एकदम उमलतो, गुणगुणायला लागतो, त्याच्यातून आणखी सूर झिरपतात. यालाच आपण जवारी खुलली म्हणतो. मिरजेच्या कारागिरांची अर्धी कला या एका गोष्टीत असते. होतं काय, तर तार घोडीच्या पसरट माथ्यावर घासत थरथरते आणि मूळ सुराच्या वरचे उपसूर मोठे होतात. थोडक्यात, आवाजात मुद्दाम 'खोट' निर्माण करून तो श्रीमंत केलेला असतो.

गिटारचं डिस्टॉर्शन वेगळ्या वाटेनं तिथंच जातं. तारेचा विद्युत संकेत इतका वाढवायचा की यंत्राला तो पेलवत नाही आणि लाटेचे माथे छाटले जातात. गोल लाट चपटी झाली की तिच्यात नवे उपसूर येतात. आपल्याला जी खरखर ऐकू येते ती म्हणजे या उपसुरांची गर्दी.

खरी गंमत दोन सूर एकत्र वाजवल्यावर होते. समजा षड्ज सेकंदाला २०० कंपनांचा आहे. त्याचा पंचम ३०० चा. हे दोन्ही एकाच वेळी डिस्टॉर्शनमधून पाठवले की यंत्र त्यांची बेरीज आणि वजाबाकीही वाजवू लागतं: ५०० आणि १००. सगळे आकडे १०० च्या पटीतले, एकमेकांत चपखल बसणारे. शिवाय १०० म्हणजे षड्जाच्याच खालचा मंद्र षड्ज, त्यामुळे आवाज भरदार आणि घट्ट होतो. रॉक आणि मेटलचे गिटारिस्ट षड्ज-पंचमाची ही जोडी सतत वाजवतात ती यासाठीच.

आता पंचमाऐवजी कोमल गंधार घ्या. तो २४० चा. वजाबाकी ४०, बेरीज ४४०. पुढचे सगळे उपसूर ४० च्या पटीत, म्हणजे फारच जवळजवळ, दाटीवाटीनं उभे राहतात. आवाज गढूळ होतो. म्हणून भरपूर डिस्टॉर्शन असेल तेव्हा तीन-चार सुरांचे पूर्ण मायनर कॉर्ड, म्हणजे कोमल गंधार असलेले सुरांचे गुच्छ, वाजवायचे टाळावेत, असा एक साधा संकेत होता. यूरॉनिमस आणि स्नोरे रूख यांनी नेमकं तेच वाजवायला घेतलं. तारा मोकळ्या सोडायच्या, एकमेकांत झणझणू द्यायच्या, आणि हा गढूळपणा स्वच्छ न करता त्यातच धून शोधायची. कोमल गंधाराची उदासी आपल्याला नवी नाही. इथं ती उदासी धुक्यातून ऐकू येते.

दुसरी गोष्ट वेगाची. पिकनं, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या पत्तीनं, तार वर-खाली, वर-खाली, न थांबता छेडत राहायची. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेला चार आघात धरले तर सेकंदाला १२ आघात होतात. पंखा जोरात फिरला की पाती वेगळी दिसत नाहीत, तसा कान हे आघात सुटे ऐकायचं सोडून देतो. उरतो एक थरथरता, अखंड सूर. आणि तो सूर मात्र बदलतो सावकाश.

सतार ऐकणाऱ्याला हे चटकन कळेल. झाल्यात चिकारीच्या तारा भराभर वाजत असतात आणि त्यांच्यामधून राग आपल्या चालीनं एकेक सूर पुढे सरकत असतो. हात कमालीचा घाईत, धून निवांत. ब्लॅक मेटलचा प्राण नेमका या विरोधात आहे. नवख्या माणसाचं लक्ष घाईकडे जातं आणि तो दमतो. ज्याला आत शिरता आलं तो संथ धुनेच्या मागे जातो, आणि मग ती घाई नदीच्या आवाजासारखी मागे राहते. ड्रमचंही तेच. पाय आणि हात आळीपाळीनं इतके भराभर पडतात की थोड्या वेळानं ताल मोजणं बंद होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे जे काढून टाकलं ते. या अल्बममध्ये खर्जाला फारशी जागा नाही. आवाजाला अंग देणारा, ऊब देणारा भाग तोच असतो. शिवाय घुमारा भरपूर. जवळच्या माणसाचा आवाज थेट कानावर येतो. लांबून येणाऱ्या आवाजात भिंतींवरून, कड्यांवरून परतलेला भाग जास्त असतो, आणि त्यावरून आपला मेंदू अंतर ओळखतो. खर्ज काढला आणि घुमारा वाढवला की वाद्यं समोर न राहता दरीच्या पलीकडे जातात. ब्लॅक मेटलचे चाहते 'थंड' हा शब्द वारंवार वापरतात तो यासाठी. ती थंडी नॉर्वेच्या हवामानाची कमी आणि ध्वनीच्या मांडणीची जास्त आहे. मे महिन्यात घामाघूम होऊन ऐकलं तरी ती लागते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

शुद्ध नसलेला अल्बम

पहिलं गाणं 'कथारियन लाइफ कोड' दहा मिनिटांहून लांब आहे. सुरुवातीला संगीत जवळपास नाहीच. संथ ठोके, मागे मठातल्या पठणासारखे घुमणारे आवाज आणि त्यावर कुणीतरी चिरक्या, फाटक्या घशानं काहीतरी बजावतंय. हे बराच वेळ चालतं. आणि मग एकदम सगळं कोसळतं. त्या एका क्षणासाठी मी आजही श्वास रोखतो.

त्यानंतर 'इन द शॅडो ऑफ द हॉर्न्स' येतं, आणि इथं सेल्टिक फ्रॉस्टचं ऋण उघड दिसतं. मध्यम लयीत डुलत चालणारा, पाय आपटायला लावणारा रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. अल्बममधली सर्वांत जास्त लोकांना आवडणारी गोष्ट बहुधा हीच असावी. 'पॅरागॉन बेलियल'मध्ये तर डेथ मेटलची हाडं स्पष्ट जाणवतात.

कारण ही पोरं रातोरात बदलली नव्हती. टाकून दिलेल्या डेथ मेटलचे तुकडे या गाण्यांमध्ये राहून गेलेत, फेनरिझच्या हातात जुनी सवय अजून आहे. पुढच्या वर्षीचा 'अंडर अ फ्यूनरल मून' हा जास्त शुद्ध ब्लॅक मेटल आहे, असं जाणकार म्हणतात ते खरंच. तरी मला हाच जवळचा वाटतो. इथं एक संगीत मरताना आणि दुसरं जन्मताना एकाच गाण्यात ऐकू येतं. गोधडीत टाके दिसतात तसे इथले सांधे दिसतात, आणि ते लपवायचा कुणी प्रयत्न केलेला नाही.

मुखपृष्ठही त्याच वृत्तीचं. त्या काळातल्या डेथ मेटल अल्बमांवर रंगीत, बारकाव्यांनी भरलेली, प्रेतं आणि राक्षसांची चित्रं असत. इथं काळोखात एक चेहरा, पांढराफटक रंगवलेला, डोळ्यांभोवती काळं, तोंड उघडं. बँडचा दुसरा गिटारिस्ट झेफिरस याचा हा फोटो. मधल्या करड्या छटा जवळजवळ गायब. चौथ्यांदा झेरॉक्स काढल्यावर कागद दिसतो तसा. आवाजातलं आणि चित्रातलं तत्त्व एकच आहे: तपशील उडवायचा, म्हणजे उरलेलं बघणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण होतं. पुढच्या हजारो ब्लॅक मेटल मुखपृष्ठांनी हा साचा उचलला.

आग, खून आणि एक लाज आणणारं पान

नॉर्वेच्या ब्लॅक मेटलबद्दल बोलताना गुन्ह्यांचा विषय टाळता येत नाही, टाळूही नये. फक्त तारखा नीट लावाव्यात.

'उत्तरेच्या आकाशातला वणवा' हे अल्बमचं नाव ऐकून हे चर्च जाळण्याबद्दल आहे, असं पुष्कळांना वाटतं. अल्बम आला फेब्रुवारी १९९२ मध्ये. बर्गनजवळचं फान्टोफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं जून १९९२ मध्ये, आणि जाळपोळीचं सत्र लोकांच्या नजरेत आलं ते त्यानंतर. ऑगस्ट १९९३ मध्ये यूरॉनिमसचा खून झाला. बुर्झुम हा एकट्याचा बँड चालवणारा वर्ग विकर्नेस याला त्या खुनासाठी आणि चर्चच्या जाळपोळीसाठी १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं आणि जगानं हे संगीत आधी गुन्ह्याची बातमी म्हणून ओळखलं.

त्यामुळे एक समज पक्का झाला की ब्लॅक मेटल टिकलं ते त्या रक्तामुळे. मला हे मान्य नाही. रक्तामुळे कुतूहल वाढलं, खप वाढला. पण दुसऱ्या खंडातला एखादा मुलगा आज खोलीत बसून गिटार लावतो, तेव्हा त्याला जे पकडून ठेवतं ते १९९१ मध्ये सापडलेला आवाज आहे.

डार्कथ्रोनवरचा डाग मात्र वेगळा आहे, आणि तो झाकायचा नाही. १९९४ च्या 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' या अल्बमच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या संगीताला 'नॉर्वेचं आर्य ब्लॅक मेटल' म्हणवून घेतलं. सोबतच्या निवेदनात ज्यूंबद्दल द्वेषाची भाषा होती. अर्ध्या गाण्यांचे शब्द विकर्नेसचे होते. गदारोळ झाला, पीसव्हिलनं अल्बमची जाहिरात करायला नकार दिला, बँडनं माफी मागितली. फेनरिझनं पुढेही त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. या सगळ्या परंपरेत वंशद्वेषाची एक धार नंतर वाहत राहिली, काही बँड ती आजही मिरवतात, आणि ऐकणाऱ्यानं कुणाला पैसे देतोय ते बघून द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. चांगलं संगीत आहे म्हणून बाकी सोडून द्या, असं मी कुणालाही सांगणार नाही.

बेडरूमपर्यंतचा रस्ता

तरीही याच 'ट्रान्सिल्वेनियन हंगर'नं 'ब्लेझ'मधली कल्पना शेवटच्या टोकाला नेली. स्टुडिओच सोडला. फेनरिझनं घरच्या चार ट्रॅकच्या मशीनवर सगळी वाद्यं एकट्यानं वाजवून मुद्रित केली, नॉक्टर्नो कुल्टोनं त्यावर आवाज चढवला. ड्रम जवळपास एकाच चालीत पहिल्यापासून शेवटपर्यंत, गिटारची धून गोल गोल फिरत राहते. 'ब्लेझ'नं स्टुडिओत राहून स्टुडिओची सफाई नाकारली होती. इथं स्टुडिओच अनावश्यक ठरला.

याचा परिणाम फार मोठा झाला. त्यापूर्वी धातूसारखा दणकट आवाज हवा तर पैसा लागे: चांगले ड्रम, चांगले माइक, जाणकार इंजिनियर, आणि चार-पाच जणांची जुळलेली टोळी. आता एकटा माणूस, स्वस्त गिटार आणि एक रात्र एवढ्यावर काम भागणार होतं. कोणत्याही गावात, कोणत्याही खोलीत. आज 'बेडरूम ब्लॅक मेटल' म्हणून जो प्रकार ओळखला जातो त्याची गंगोत्री इथं आहे. अमेरिकेत झास्थर आणि लेवायथन हे एकेकट्या माणसांचे बँड त्याच वाटेनं गेले, फक्त सैतानाऐवजी त्यांनी स्वतःचं नैराश्य समोर ठेवलं. फ्रान्समध्ये म्यूतिलासियोनसारख्या बँडनी खरखर आणखी वाढवली. स्वीडनच्या क्राफ्टनं डार्कथ्रोनचा तो डुलता, कुर्रेबाज रिफ उचलला.

नॉर्वेतच दुसरी वाटही होती, तीही सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. एम्परर आणि मेहेम यांनी बर्गनच्या ग्रीगहॉलेन या मोठ्या संगीतसभागृहात मुद्रण केलं आणि आवाजाला भव्यता दिली. एम्पररनं कीबोर्डमधून वाद्यवृंदाचा आभास आणला. डिम्मू बोर्गिर पुढे खऱ्या ऑर्केस्ट्रापर्यंत गेले. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शननं या सिंफनीच्या वाटेला स्वतःचं वळण दिलं. मुंबईतल्याच सोलर डेइटीनं मात्र ब्लॅक मेटल अधिक उघडं, अधिक कोरडं ठेवलं. एका दमट शहरात बर्फाचा एक कणही नसताना ही 'थंडी' वाजवली जाते, आणि ती खरी वाटते. वर म्हटलं ते इथं पटतं: थंडी हवेत नव्हती, मांडणीत होती.

प्रभाव ओळखायचा आणखी एक मार्ग म्हणजे कोण भांडतंय ते बघणं. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवन बँडचा 'सनबाथर' आला, तोही चक्क गुलाबी मुखपृष्ठ घेऊन. थरथरती गिटार तीच, धावते ड्रम तेच, किंचाळीही तीच. पण सूर प्रकाशाचे, आशेचे. जुने चाहते खवळले, हे ब्लॅक मेटल नव्हेच म्हणाले. मला वाटतं, त्या अल्बमनं एक गोष्ट सिद्ध केली. घाईतला हात आणि निवांत धून ही एवढी पक्की भाषा झाली आहे की तिच्यात सैतानही बोलू शकतो आणि सकाळचं ऊनही.

मंचापासून दूर

डार्कथ्रोननं स्वतः काय केलं? ९० च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांनी कार्यक्रम करणं थांबवलं, ते आजतागायत. मोठमोठ्या महोत्सवांचा मान मिळू शकला असता. फेनरिझनं वर्षानुवर्षं टपाल खात्यात नोकरी केली. रेकॉर्ड मात्र येत राहिल्या. २०२४ मध्येही नवा अल्बम आला. आणि त्यांनी आपल्याच प्रसिद्ध आवाजाची नक्कल करत बसणंही नाकारलं. २००० नंतर ते पंककडे वळले, मग जुन्या हेवी मेटलकडे, मग डूम या मेटलच्या संथ प्रकाराकडे. ज्यांनी त्यांचा १९९१ चा आवाज धर्मग्रंथासारखा जपला त्यांना हे रुचलं नाही. पण १९ व्या वर्षी कंपनीच्या अपेक्षेला नकार देणाऱ्यानं ५० व्या वर्षी चाहत्यांच्या अपेक्षेला नकार द्यावा, यात मला पूर्ण सुसंगती दिसते.

२०१५ च्या स्थानिक निवडणुकीत फेनरिझचं नाव एका पक्षाच्या यादीत आलं. त्यानं आपल्या मांजरीला घेऊन फोटो काढला आणि 'मला मत देऊ नका' असं लिहून प्रचार केला. लोकांनी मतं दिली आणि तो कोल्बोट्नच्या नगरपरिषदेवर पर्यायी सदस्य झाला. गावाला तो केव्हाच आपला वाटत होता.

आणि देशालाही. ऑस्लोतल्या नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं आपल्या कायमस्वरूपी प्रदर्शनात, देशाच्या सांस्कृतिक इतिहासातल्या निवडक वस्तूंमध्ये, 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' ठेवला आहे. ज्या नॉर्वेत २०१२ पर्यंत लुथरन चर्च हा राज्यघटनेनं ठरवलेला अधिकृत धर्म होता, तिथं मध्ययुगीन हस्तलिखितांच्या जोडीनं हा झेरॉक्ससारखा चेहरा काचेआड बसला आहे. ३० वर्षांपूर्वी ज्याला मिक्स बदलून द्या म्हणत होते, तो जसाच्या तसा.

पहिल्यांदा ऐकायचा असेल तर

पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. 'इन द शॅडो ऑफ द हॉर्न्स' लावा. त्याचा रिफ हात धरून आत नेतो. आवाज फार मोठा ठेवू नका. हे संगीत मोठ्यानं वाजवायचं असतं असा समज आहे, पण मोठा केला की फक्त पत्रा ऐकू येतो. थोडा कमी ठेवला की त्यामागचा पाऊस ऐकू येतो.

मग 'व्हेअर कोल्ड विंड्स ब्लो'. ड्रमकडे दुर्लक्ष करा, शब्दांचा अर्थ लावायला जाऊ नका. गिटारची धून शोधा आणि ती पुढचा सूर कधी घेते याची वाट पाहा, विलंबितात समेची वाट पाहतो तशी. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. रात्रीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून बसलो की आधी इंजिनाची घरघर असह्य होते, आणि घाट चढताना केव्हातरी तिच्यात गाणं ऐकू यायला लागतं. तितका वेळ द्या. नाही जमलं तर अल्बम बाजूला ठेवा, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काढा. माझ्या त्या सीडीवर मी स्केच पेननं 'खराब' असं लिहून ठेवलं होतं. ती अजून माझ्याकडे आहे, आणि तो शब्द मी खोडलेला नाही.